नकाशावरची पांढरी जागा

धक्क्यावर मी लिलाव पुकारते. पहाटे बोटी लागल्या की मासळीच्या क्रेट्सच्या मधोमध उभी राहून मी असा आवाज लावते की बर्फ फोडणारेही हातातलं काम थांबवून बघतात. म्हणूनच मच्छीमार संघटनेने सरकारी बैठकीला मला पाठवायचं ठरवलं. त्यांनी सरळच सांगितलं, बाकीच्यांचा आवाज पाण्यावर चालतो, एसीच्या खोलीत बसतो. तुझा कुठेही चालेल. मी आढेवेढे घेतले नाहीत. खोटी लाज मला कधी जमली नाही, आणि माझ्याइतकं मुद्देसूद भांडणारं धक्क्यावर दुसरं कोणी नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

बैठक कशासाठी होती, ते आधी सांगते. मत्स्य विभागाला समुद्राचा एक तुकडा काही वर्षं मासेमारीला बंद ठेवायचा होता, म्हणजे माशांना तिथे निवांत अंडी घालता येतील आणि पुढे सगळ्यांनाच मासा मिळेल. कुठला तुकडा बंद करायचा हे मच्छीमारांना विचारून ठरवायचं, असा त्यांचा नियम होता. नियम चांगला आहे. अंडीच राहिली नाहीत तर मी लिलाव कसला पुकारणार, बर्फाचा?

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली आणि एक छोटा माइक. बटण दाबलं की त्याच्यावर लाल दिवा लागायचा. गोदामवाल्यांचा प्रतिनिधी, मोठ्या ट्रॉलरवाल्यांचा प्रतिनिधी, पर्यावरणवाले, सगळे बोलायच्या आधी बटण दाबत होते आणि घसा साफ करत होते. मी माझा माइक बाजूला सरकवला आणि तिथे पर्स ठेवली.

नकाशा दाखवायला विभागाची शास्त्रज्ञ उभी राहिली. तिचा चेहरा उन्हाने रापलेला होता, म्हणजे ही बाई नुसती खुर्चीत बसून पाहणी करणारी नव्हती, बोटीवर जाऊन आली होती. मला ती बघताक्षणी आवडली. तिच्या लोकांनी महिनाभर आधी आमच्या धक्क्यावर येऊन प्रत्येक तांडेलाला, म्हणजे बोटीच्या कप्तानाला, विचारलं होतं की बाबा, तू मासे कुठे धरतोस, तेवढी खूण कर. त्या सगळ्या खुणा नारिंगी ठिपक्यांनी पडद्यावर दाखवल्या होत्या. ठिपक्यांनी समुद्र भरून गेला होता. फक्त बंदराच्या तोंडासमोर, थोडं बाहेर, एक जागा पांढरीशुभ्र होती.

ती म्हणाली की तपासणीत सगळ्यात जास्त अंडी नेमकी या पांढऱ्या जागेत सापडली, आणि सुदैवाने तिथे कोणीच मासेमारी करत नाही. तेव्हा हीच जागा बंद केली तर कोणाचंच नुकसान नाही. टेबलाभोवतीच्या सगळ्या माना एकदम हलल्या. बैठक चालवणाऱ्या विभागाच्या संचालकांनी पेनाचं टोपण काढलं.

त्या पांढऱ्या जागेत बाबांचा दगड होता, आमच्या घरची मासे धरायची जागा.

आता आमच्या धंद्याची रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मासा कुठे आहे हे आमच्यात कोणी कोणाला खरं सांगत नाही. मासळीच्या भाराने ज्याची जाळी फाटायला आली आहेत तो वायरलेसवर रडतो, इथे काही नाही रे, पाणी मेलंय. ज्याला शेवाळाशिवाय काही मिळालेलं नाही तो सांगतो, या इकडे, धमाल आहे. बंदरातून डावीकडे तोंड करून निघायचं आणि नजरेआड झालं की उजवीकडे वळायचं, हे पोरगं सुकाणू धरायला लागलं की पहिलं शिकतं. याला आम्ही खोटं बोलणं म्हणत नाही, हे वळण आहे. कोणी खरं सांगितलंच तर ऐकणारा घाबरेल, याची तब्येत बरी आहे ना म्हणून.

अशा लोकांपुढे विभागाची एक अनोळखी मुलगी पेन्सिल आणि नकाशा घेऊन उभी राहिली. खूण करणाऱ्याच्या खांद्यावरून मागचे चार तांडेल वाकून बघत होते. तो काय खरी खूण करणार? जिथे तो जन्मात जाणार नाही तिथे त्याने ठिपका ठेवला. मागच्याने तेच केलं, त्याच्या मागच्यानेही तेच. सगळ्या धक्क्याने मिळून सरकारला असा नकाशा दिला होता की त्यावर भरवसा ठेवून निघालेला माणूस उपाशी परत आला असता. लिलावाच्या गडबडीत मी तिकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर तिथेच एकेकाचा कान पिळला असता.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "साहेब, टोपण लावा. ती जागा रिकामी नाही. आमच्याकडे जिथे खूण नाही, मासा तिथेच असतो."

खोलीत हशा पिकला. संचालक हसले नाहीत. माणूस कोरडा होता पण खवचट नव्हता. त्यांनी विचारलं की नकाशा तुमच्याच लोकांनी भरला ना? मी हो म्हटलं. मग तुमच्याच लोकांना घेऊन या, ते म्हणाले, पुढच्या बैठकीत त्यांच्या तोंडून ऐकू. नाहीतर हीच रेघ कायम होईल. यात मला काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर एवढीही सवलत दिली नसती.

त्या दिवशी धक्क्यावर न जाता मी थेट धाकट्या भावाकडे गेले. बाबांची बोट आता तो चालवतो. बोट लहान आहे. पांढऱ्या जागेच्या पलीकडचं पाणी तिच्या ताकदीबाहेरचं आहे आणि अलीकडे मासा नाही. ती जागा बंद झाली तर बोट विकून त्याला दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जावं लागणार, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. आमच्यासारख्या लहान बोटवाल्यांची सगळ्यांचीच तीच गत होणार होती.

बाबांनी त्यांच्या शेवटच्या आजारपणात आम्हा दोघांना जवळ बसवून दगडाची जागा सांगितली होती. पाण्याची टाकी आणि कारखान्याची चिमणी एका रेषेत आली आणि डोंगराची खिंड उघडी पडली, की इंजिन बंद करायचं. खाली खडक आहे, त्याच्याभोवती मासा. सांगून झाल्यावर त्यांनी दोघांचे हात धरले होते, जिभेवर आणायचं नाही म्हणून.

मी म्हटलं, आता जिभेवर आणावं लागणार. भाऊ जाळं शिवत होता, त्याने मान वर केली नाही. म्हणाला, सरकारी खोलीत माइकवर बाबांचा दगड सांगणार तू? सगळा धक्का ऐकत असताना?

"मग कधी सांगायचं?" मी विचारलं. "जागा बंद झाल्यावर गुपित सांभाळून काय करणार, त्याचं लोणचं घालणार?"

तो उठून आत गेला. भावजय दारात उभी होती, तिने मला नुसत्या डोळ्यांनी सांगितलं की आता वाढवू नका. मी वाढवलं नाही. पण मागेही हटले नाही. आई गेल्यापासून त्याचे हट्ट मीच पुरवले आहेत आणि मोडलेही मीच आहेत.

दोन दिवसांनी जाळी दुरुस्त करायच्या शेडमध्ये सगळ्या तांडेलांना बोलावलं. नकाशाची मोठी प्रत भिंतीला लावली आणि म्हटलं, ही पांढरी जागा बंद होणार आहे. यात कोण कोण जातं?

कोणीच जात नव्हतं. सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. एक म्हणाला, तिकडे तर नुसती रेती आहे. दुसरा म्हणाला, मी तिकडे शेवटचा गेलो तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं. त्याची बोट आदल्याच दिवशी मी डोळ्यांनी तिकडून येताना पाहिली होती.

"छान," मी म्हटलं, "कोणीच जात नसेल तर प्रश्नच मिटला. बंद होऊ दे. चला घरी."

कोणी उठलं नाही. बऱ्याच वेळाने मागून कोणीतरी विचारलं की सगळी नाही, निम्मीच बंद केली तर चालेल का. का रे, तू तर जात नाहीस ना, मी विचारलं. नाही नाही, तो म्हणाला, मी आपला सगळ्यांच्या वतीने विचारतोय. एवढ्या गंभीर प्रसंगातही मला हसू आवरेना.

कोपऱ्यात थापाडे काका बसले होते. धक्क्यावरचे सगळ्यात म्हातारे तांडेल. एकदा एका माशाने बोट उलटी ओढत बंदरात आणून सोडली, असं ते सांगतात, आणि प्रत्येक वेळी मासा थोडा वाढतो. त्यांनी पाऊस पडतोय म्हटलं तर लोक खिडकीबाहेर हात काढून बघतात. बाबांचं आणि त्यांचं कधीच पटलं नाही. का ते आम्हाला माहीत नव्हतं, पण बाबा बर्फाच्या रांगेतसुद्धा त्यांच्यापासून चार माणसं सोडून उभे राहायचे. त्या दिवशी काका नकाशाकडे एकटक बघत होते आणि चक्क गप्प होते.

शेवटी मी सांगून टाकलं. मी कोणाचं नाव घेणार नाही. बैठकीत मी माझ्या घरची जागा सांगणार, टाकी आणि चिमणीसकट. ज्याला यायचं त्याने येऊन बसावं, ज्याला बोलायचं त्याने बोलावं. नाही बोललात तरी मी एकटी पुरेशी आहे. हे ऐकून भाऊ उठला आणि कोणाकडे न बघता शेडबाहेर पडला. तो गेला त्या बाजूला मी मुद्दाम पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर माझा धीर थोडा कमी झाला असता.

बैठकीच्या दिवशी मात्र सगळे आले. एरवी लग्नालासुद्धा इतके स्वच्छ येत नाहीत. दाढ्या केलेल्या, शर्ट खोचलेले, भिंतीलगतच्या खुर्च्यांवर परीक्षेला बसल्यासारखे बसले. भाऊ दाराजवळच्या खुर्चीत होता. थापाडे काका त्याच्या शेजारी, आणि त्याला ते फारसं आवडलेलं दिसत नव्हतं.

मी रीत सांगितली, नकाशा कसा भरला गेला ते सांगितलं. शास्त्रज्ञ बाईने कपाळावर हात मारला, पण ती चिडली नाही. उलट तिने लगेच वही उघडली. संचालकांनी मात्र अडवलं.

"तुमचे लोक तेव्हा खोटं बोलले," ते म्हणाले. "आज खरं बोलतील, हे मी कशावरून धरायचं?"

प्रश्न रास्त होता आणि मी त्याचीच वाट बघत होते.

"साहेब, खोटं माणूस कशासाठी बोलतो? फायद्यासाठी. ही माणसं एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत. यांनी आपली जागा सख्ख्या भावाला सांगितलेली नाही. आज सगळ्यांच्या समोर जो सांगेल, त्याची जागा उद्या सकाळी बाकीच्यांनी भरलेली असेल. इथे खरी जागा सांगण्यात तोटाच आहे. त्यातून खोटी सांगायची असती तर घरी बसूनही सांगता आली असती, त्यासाठी कोणी दाढी करून आलं नसतं."

संचालकांच्या ओठाचा एक कोपरा हलला. बरं, सांगा, ते म्हणाले.

मी नकाशाजवळ गेले आणि बोट ठेवायला हात वर केला. तेवढ्यात मागे खुर्ची सरकली.

"ताई, तू बस," भाऊ म्हणाला. "बोट मी चालवतो."

तो पुढे आला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लहानपणी फळ्याजवळ बोलावल्यावर व्हायच्या तशाच. त्याने पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि पाण्याची टाकी, कारखान्याची चिमणी, डोंगराची खिंड, सगळं मोठ्याने सांगितलं. बाबांनंतर ते शब्द मी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होते. मला त्याचा इतका अभिमान वाटला की खुर्ची कुठे आहे ते न बघताच मी खाली बसले.

मग रेतीवाला उठला. त्याने भावाच्या बोटापासून वीतभर अंतरावर आपलं बोट ठेवलं आणि म्हणाला, मी इथे. मग लग्नाआधीचा उठला, मग बाकीचे, एकापाठोपाठ एक. शास्त्रज्ञ बाई ठिपके देत होती आणि पांढरी जागा नारिंगी होत चालली होती. प्रत्येक जण बोट ठेवल्यावर आधीच्याकडे असा बघायचा, तूसुद्धा? जन्मभर एकमेकांना चुकवत सगळे एकाच दगडाभोवती फिरत होते.

संचालक म्हणाले की आता अडचण वेगळीच झाली. अंडीही इथेच आणि तुम्हीही सगळे इथेच. मग बंद काय करायचं? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण अर्धवट होतं, हे मान्य करते.

तेव्हा थापाडे काका उठले.

"दगड एक नाही," ते म्हणाले. "दोन आहेत."

भिंतीलगतच्या सगळ्या खुर्च्या हसल्या. कोणीतरी विचारलं, काका, दुसरा पोहतो का? काकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते नकाशाशी गेले, भावाच्या खुणेपासून हात खाली सरकवला आणि एका ठिकाणी थांबवला. चिमणी टाकीच्या डावीकडे सुटली की इथे दुसरा दगड आहे, ते म्हणाले, पहिल्यापेक्षा मोठा.

भाऊ म्हणाला की बाबांनी तर एकच सांगितला होता.

"तुम्हाला एकच सांगणार," काका म्हणाले. " दुसऱ्यावरून आमची मारामारी झाली होती. तो म्हणे आधी मला सापडला, मी म्हणे मला. गळे धरले एकमेकांचे, बोटी आपटल्या. शेवटी ठरलं, कोणीच जायचं नाही. त्याने नाही, मी नाही, पोराबाळांना सांगायचंही नाही. तसा शब्द दिला."

लोक अजून हसतच होते. पण शास्त्रज्ञ बाई हसत नव्हती. तिने पडद्यावर दुसरा नकाशा लावला, समुद्राच्या तळाचा. त्यावर दोन उंचवटे होते. मोठा उंचवटा काकांच्या बोटाखाली होता.

"सगळ्यात जास्त अंडी याच्याभोवती आहेत," ती म्हणाली. "इतकी का, ते मला कळत नव्हतं. आता कळलं, इथे कोणी जाळं टाकलेलंच नाही."

हसणं थांबलं. मी काकांकडे बघत होते. बाबा जाऊन किती वर्षं झाली. त्यानंतर यांना अडवणारं कोणी नव्हतं. जवळच्या दगडावर गर्दी, आणि हाकेच्या अंतरावर भरलेला मोठा दगड, ज्याची खबर जगात फक्त या एका माणसाला. मी विचारलं, काका, बाबा गेल्यावर तरी गेलाच असाल ना तुम्ही तिथे?

काका चिडले. "शब्द दिला होता म्हटलं ना."

"पण तुम्ही शब्द दिला हे कोणाला माहीत होतं? साक्षीदार तरी कोण होतं?"

"होता की," काका म्हणाले. "तुझा बाप होता."

संचालकांनी विचारलं की तेवढाच भाग बंद केला तर त्यावर लक्ष कोण ठेवणार, विभागाकडे गस्तीची बोट एकच आहे. काका म्हणाले, मी ठेवतोच आहे, आधी त्याच्यावर ठेवायचो, आता तुम्हा सगळ्यांवर ठेवीन. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण प्रतिनिधी मी होते आणि प्रस्ताव मलाच मांडायचा होता.

मी उभी राहिले. तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. बर्फाच्या रांगेत चार माणसं सोडून उभे राहणारे बाबा डोळ्यांसमोर होते, आणि त्या चार माणसांच्या पलीकडे उभा असलेला त्यांचा एकमेव खरा भिडू. मी पर्स उचलली, माइक पुढे ओढला आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"मोठा दगड बंद करा," मी म्हटलं. "लहान आम्हाला ठेवा. यावर आम्हा सगळ्यांचा शब्द."

संचालकांनी पेनाचं टोपण काढलं, आणि या वेळी मी त्यांना लिहू दिलं.

रेघ तशीच आखली गेली. भाऊ रोज सकाळी उघडपणे लहान दगडावर जातो. वायरलेसवर मात्र अजून पाणी मेलंय म्हणून रडतो, सवय जात नाही. आणि थापाडे काका धक्क्यावर ज्याला त्याला सांगत असतात की त्या दिवशी लिलाववाल्या बाईला बोलायला माइक लागला होता. कोणी विश्वास ठेवत नाही.